दाराजवळचं मशीन

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एकोणीस वर्षं झाडू मारता मारता मावशी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली सिस्टीम, शिकल्या. मुलांच्या पाठीमागे फरशी पुसताना पडद्याकडे बघायच्या, मुलं गेली की स्वतः करून बघायच्या. आपल्याला काही येतं हे वरच्याला कळू देऊ नये, एवढं मात्र त्या शिकल्या नाहीत.

एक तारखेपासून सफाईचं काम कंत्राटदाराकडे जाणार होतं. म्हणजे मावशी घरी, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. नेमकी तेव्हाच लॅब असिस्टंटची जागा निघाली आणि मावशींनी अर्ज टाकला.

"जरूर!" लॅबप्रमुख सर हसले. "परीक्षा घेऊ की. बारापर्यंत या जुन्या मशीनवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवा, जागा तुमची."

दुसरी उमेदवार सरांची भाची. तिला परीक्षा नव्हती. ती खुर्चीत बसून नखं बघत होती.

मावशींनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह तयार केला. लॅबचा एक नियम होता, सरांनीच केलेला: कुठलाही पेनड्राइव्ह आधी दाराजवळच्या विंडोजच्या मशीनमध्ये घालून तपासायचा आणि ते सांगेल तसं करायचं. मावशींनी घातला. मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मावशींना बटणं पाठ होती, इंग्रजी जुळवून जुळवून यायचं. त्यांनी 'येस' दाबलं. डिस्क ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का, म्हणजे आतलं सगळं पुसू का, असा तो प्रश्न होता.

जुनं मशीन सुरू केलं तर काळा पडदा आणि एक ओळ: बूट करायला, म्हणजे सुरू व्हायला, काही सापडत नाही. मावशींनी पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावून पाहिला. सेटअपमध्ये यूएसबी पहिल्या नंबरावर आणली, सिक्युअर बूटचं कुलूप काढलं. काळाच पडदा. फाइल पुन्हा उतरवली, पेनड्राइव्ह पुन्हा लिहिला, दाराजवळ पुन्हा तपासला, पुन्हा 'येस'. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

माशी कुठे शिंकली ते सरांना पहिल्याच 'येस'ला कळलं होतं. ते मूग गिळून बसले, वर भाचीला ऐकवलं, "नाचता येईना अंगण वाकडं! आता मशीनचा दोष निघेल बघ." भाची खुदकन हसली.

तिसऱ्या खेपेला पेनड्राइव्ह नव्याने लिहून दाराजवळ घातला, तेव्हा मावशींनी पडद्यावर बोट ठेवून तो प्रश्न अक्षर अक्षर लावून वाचला. मग 'येस' न दाबताच पेनड्राइव्ह उपसला आणि थेट जुन्या मशीनला लावला. इन्स्टॉलर उघडला. मावशींना रडू आलं. बाराला पाच कमी असताना काम पुरं झालं.

"झालं, सर."

"झालं खरं," सर म्हणाले, "पण तपासणी टाळलीत. नियम मोडणाऱ्याच्या हाती लॅब कशी द्यायची, मावशी?"

"ते मशीनच पेनड्राइव्ह पुसत होतं, सर. तुम्हाला ठाऊक होतं."

"तोंड सांभाळा."

जागा भाचीला मिळाली. "बाकीची अकरा मशीनं तेवढी करून जा," सर म्हणाले, "हिला अजून जमत नाही. अनुभवाचा दाखला हवाय ना तुम्हाला?"

हवा होता. दुसऱ्या लॅबमध्ये त्याशिवाय दारात कोण उभं करणार? महिनाअखेरपर्यंत मावशींनी अकराही मशीनांवर लिनक्स चढवलं. शेवटच्या दिवशी सरांनी सहीशिक्क्याचा दाखला हातात ठेवला. एकच ओळ होती: 'यांचे फरशी पुसण्याचे काम समाधानकारक होते.'