वस्तऱ्यासाठी निवडलेली कानस

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. लेकीलाही सांगितली नाही, तिचा बापावर फार जीव होता. तुम्ही ना माझ्याकडचे, ना त्याच्याकडचे, म्हणून सांगते. चारचौघांत मी नवऱ्याला मालक म्हणायचे. इथे नुसतं 'तो' म्हणणार आहे.

तेव्हा वाशीत इमारती उठत होत्या. आम्ही बीडकडून येऊन बोनकोड्याजवळ भट्टी लावली होती. तो घडवायचा, मी भाता ओढायचे, घणही मारायचे. आमच्या सुऱ्या-कोयत्यांची धार टिकते म्हणून लोक लांबून यायचे. का टिकायची? कारण भंगारातून पोलाद मी निवडायचे. माझ्या बापानं शिकवलं होतं — लोखंड घासायची जुनी कानस घ्यायची, टोक ऐरणीच्या कडेवर धरून ठोकायचं. अस्सल पोलादाची असेल तर काचेसारखी तुटते. स्वस्तातली आधी वाकते. तिची नुसती साल कडक, आत मऊ लोखंड. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. त्याची नजर अधू होत चालली होती, मी देईन तो तुकडा तो मुकाट घ्यायचा. नाव त्याचं व्हायचं. होऊ दे — मला खरंच काही वाटत नव्हतं, त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी वाशीचे सलूनवाले गणपतराव आले. त्यांना ब्लेडचा नको, घडवलेला वस्तरा हवा होता — दोन्ही बाजूंना मऊ लोखंड आणि मधे पोलादाची पट्टी, म्हणजे धार कडक राहते आणि पातं मोडत नाही. पोलाद कुठलं घालणार, असं त्यांनी विचारलं. मी आपली सवयीनं बोलून गेले, कानशीचं घालू, मी निवडून देते.

त्यानं सगळ्यांसमोर माझ्या मुस्काटात मारली.

"तुला काय कळतंय पोलादातलं? भाता वढ गप!"

गणपतराव हसले. कोळशाची पाच बोटं गालावर घेऊन मी भाता ओढत राहिले. तोंड धुतलं नाही. मुद्दामच.

आता तेच सांगायचं आहे — किती घुटमळले बघा. दुसऱ्या दिवशी मी दोन कानशी ठोकून पाहिल्या. एक तुटली, एक वाकली. ओळखण्यात चुकले का मी? छे. चांगली कोळशाच्या पोत्याखाली दडवली आणि वाकलेली सरळ करून त्याच्या हातात दिली. त्यानं टाकणखार टाकून तिन्ही पट्ट्या जोडल्या, वर मीच घण मारले. लाल तापवून पाण्यात बुडवलं, म्हणजे पाणी दिलं, आणि मग त्यानं धारेवरून दुसरी कानस फिरवून पाहिली. ती घसरली, म्हणजे पातं कडक. तो खूश झाला. सालीची करामत होती ती! घासून पातं बारीक केलं की साल जाणार, हे मला ठाऊक होतं.

गणपतरावांनी तो वस्तरा काढला बोनकोड्यातल्या एका लग्नात, नवरदेवाच्या दाढीला. अर्धा गाल होतोय तोच धार गेली, हनुवटीला रक्त आलं. "यो वस्तरा हाय का कोयता?" म्हणून मांडवात हशा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वस्तरा आमच्या ऐरणीवर आणून ठेवला. "उस्ताद, तुमचा हात गेला," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

मग त्यानं त्या पात्याला सात वेळा पाणी दिलं. पाणी कमी पडलं? जास्त झालं? ताव चुकला? एकटाच पुटपुटायचा. मऊ लोखंडाला कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. मी सातही वेळा भाता ओढला, आणि मला फार बरं वाटत होतं. सुडाला चव असते हो, कोणी काहीही म्हणो.

त्यानं धारेचं काम सोडलं. नुसते टिकाव आणि पहारी. माझ्यावर पुन्हा कधी हात उचलला नाही. उचलायला तो आधीचा उरलाच नव्हता. एकदा जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "खरं सांग, माझा हात गेला का गं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कामातलं काही मला विचारलं होतं. ती चांगली कानस अजून पोत्याखालीच होती, चार पावलांवर.

मी म्हणाले, हो, गेला.

त्यानं माझा शब्द मानला. मरेपर्यंत मानला.