सरांचं बेचाळिसावं प्रतीक

त्या कादंबरीचं नाव मी घेणार नाही. सव्वीस वर्षं घरात दुसरं नाव ऐकलं नाही, आता वीट आलाय. एवढंच सांगते, की धरणात गाव जातं, एक कुटुंब बैलगाडीत संसार भरून निघतं, आणि निघताना घरातली म्हातारी रिकाम्या घराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचते. लई गाजलेलं पुस्तक आहे. बी.ए.च्या पोरांना अभ्यासाला असतं, आणि ते शिकवावं तर आप्पासाहेब सरांनीच, असं औरंगपुऱ्यातला कुठलाही झेरॉक्सवाला सांगेल.

हे आप्पासाहेब सर म्हणजे माझे मालक. मीपण त्यांना सरच म्हणते. लग्न होऊन आठ दिवस झाले नाहीत तर पोरं दारात, 'सर आहेत का, सर आहेत का'. माझ्याही तोंडी तेच बसलं.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. गंगापूरकडचं बागायतदाराचं घर. भावांनी ऊस धरला, ह्यांनी पुस्तक धरलं. बारा वर्षं तासिकेवर राबले, सकाळी या कॉलेजात दोन तास, दुपारी त्या कॉलेजात एक, मधे स्कूटरवर बसून डबा खायचा. तेव्हा कुठं कायम झाले. दारू नाय, तंबाखू नाय, कुणाला वाकडा शब्द नाय. आणि शिकवणं? ते मात्र ऐकावं असं. गारखेड्यात आमच्या माडीवर रविवारी शिकवणी चालायची, मी खाली भाकरी थापत थापत अख्खी शिकले.

"नदी पाहुणीसारखी अंगणात आली," असं एक वाक्य आहे त्यात. सर ते असं म्हणायचे की पोरं जिन्याकडं बघायची, खरंच कुणी आलं का म्हणून. "सारखी आहे ना? मग ही उपमा. आता पुढच्या पानावर या. नदी म्हणजे पाहुणीच. सारखी गेलं, काय झालं? रूपक! पाणी आता घरात शिरलंय, पोरांनो, तुलनेलाही जागा ठेवली नाही त्यानं." मग पुढं उपरोध, मग पूर्वसूचना, मग प्रतीकं. म्हातारीच्या किल्लीवर तर तीन रविवार जायचे. एकूण एकेचाळीस प्रतीकं काढली होती त्यांनी, आणि ती एका पिवळ्या वेष्टनाच्या नोट्समधे नंबर टाकून छापली होती. पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच घोकायची.

आता बघा, ह्या माणसानं बायको केली ती धरणग्रस्ताची लेक. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडलांनी सांगितलं, आमचं जुनं गाव पाण्यात गेलं, हे नवं गाव सरकारनं दिलेलं. सरांचे डोळे असे चमकले म्हणता! मला वाटलं, मी पसंत पडले. पसंत पडलं होतं ते धरण.

वडील गेल्यावर माझी माय, आवडाबाई, आमच्याकडं राहायला आली. जावयाचं तिला लई कौतुक. माडीवरचा आवाज ऐकत जिन्याच्या पायरीवर बसायची. एकदा जेवताना त्यांना म्हणाली, "बापू, ते पाहुणीचं खोटं वाटतं हो. पाणी यायच्या आधी उंदीर आले. बिळात पाणी गेलं ना, तर समदे उंदीर घरात. त्यांच्यामागं साप. पोराला खाली ठेवायची सोय नव्हती."

"वा, मामी, वा!" सर ताटावरून उठले, खरकट्या हातानं वही काढली. "याला म्हणतात पूर्वसूचना! लेखकाला जे सुचलं नाही ते तुम्ही बोलून गेलात."

माय माझ्याकडं बघून पुन्हा भाकरी मोडायला लागली. ती कुठल्या पोराला खाली ठेवू शकत नव्हती, हे त्यांनी विचारलंच नाही. मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

ते पोरगं म्हणजे धोंडिबा, माझा थोरला भाऊ. आधीचं एक पोटातच गेलं होतं, म्हणून हा तरी टिकावा असं म्हणून ते नाव ठेवलेलं. सात महिन्यांचा झाला आणि तापात गेला. लहान लेकराला जाळत नाहीत आमच्यात, पुरतात. जुन्या घराच्या परसात लिंबाखाली त्याला ठेवला, वर चार दगड रचले. महिन्याभरात गाव उठलं. घराची दारं नेली, तुळया नेल्या, जातं नेलं. त्याला कसा नेणार?

मग पुढं ज्या ज्या उन्हाळ्यात पाणी पार आटायचं, जुनं गाव उघडं पडायचं, तेव्हा नव्या गावची माणसं चालत तिकडं जायची. आपापला उंबरा हुडकायचा, हळदकुंकू वाहायचं, परत यायचं. माय नि वडील बाटलीत दूध घेऊन जायचे. विहिरीच्या कट्ट्यापासून उगवतीकडं बावन्न पावलं, तिथं दूध ओतायचं. तिला सगळ्या जन्मात असं तीनदाच जाता आलं. हे तिनं मला सांगितलं ते माझं पहिलं बाळंतपण झाल्यावर, आणि वर शपथ घातली. "जावयाला सांगू नको, आशे. वहीत लिहितील."

गेल्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं. गारखेड्यात नळ दहा दिवसांनी यायला लागला, टँकरपुढं बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या राहिल्या होत्या. सगळं शहर पाण्यासाठी रडत होतं, आणि माझी माय खुलली होती. पेपरातला भेगाळलेल्या तळाचा फोटो तिनं कापून उशीखाली ठेवला. नळाचं पाणी त्याच धरणातलं, हे तिला माहीत होतं. पहिला तांब्या भरला की ती कपाळाला लावायची आणि मग प्यायची. म्हणायची, "आपल्या घरावरून आलंय."

"बापू," तिनं सरांना विचारलं, "पाय चालतात तवर एकदा जुन्या गावी नेता का?"

"नेतो की, मामी. ह्याच रविवारी," सर लगेच म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, की दुपारी त्यांच्यासाठी मुद्दाम धपाटे केले.

रविवारी सकाळी दारात बस उभी. आत चाळीस पोरंपोरी, टोप्या घालून, पुढच्या काचेवर कापडी फलक, 'अभ्याससहल'. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अहो, हे काय?" सर हसत म्हणाले, "अगं, असं गाव पुन्हा कधी उघडं पडणार? पोरांना आयुष्यभर पुरेल." मी मायकडं बघितलं. तिनं पदराखाली बाटली धरली होती. "असू दे," ती म्हणाली, "गाडी तर हाय." तिथंच मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. माझी चूक मी सरांच्या माथी मारत नाही.

तिथं गेलो तर नुसता चिखलाचा पापुद्रा, शिंपले आणि घरांची जोती. सरांनी मायला मारुतीच्या ओट्यावर उभं केलं. "मुलांनो, ह्या आवडाबाई. आपण जे वाचलं ते ह्या जगल्यात. मामी, सांगा, निघताना घराला कुलूप घातलं होतं ना?"

"कुलूप कशाला?" माय म्हणाली. "दारच काढून नेलं की."

पोरं खो खो हसली. सरांचा चेहरा जरा उतरला. "म्हणजे... मनातलं कुलूप म्हणतोय मी," म्हणाले, आणि विषय पुढं नेला.

माय ओट्यावरून उतरली आणि विहिरीकडं निघाली. कट्ट्याचे दोन दगड शिल्लक होते. त्यांना हात लावला, उगवतीकडं तोंड केलं आणि ओठातल्या ओठात मोजत चालायला लागली. मागं चाळीस पोरं, हातात मोबाइल धरून, चित्रण चालू. बावन्नाव्या पावलाला ती थांबली. लिंबाचं काळं खोड चिखलातून वीतभर वर आलं होतं. तिनं वाकून बघितलं, मग मागं वळली.

"बापू, पोरांना जरा तिकडं न्या की."

"छे छे, मामी! हेच तर बघायचंय त्यांना. तुम्ही तुमचं करा, आम्ही नाहीच असं समजा." आणि मग पोरांकडं वळून, वर्गातल्याच आवाजात, "हातात बाटली आहे, दिसते? दूध आहे. कशाचं प्रतीक? बोला!"

"आठवणींचं!"

"मातृत्वाचं, सर!"

"नव्या सुरुवातीचं!"

"चहाचं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

खुलताबादकडची एक पोरगी होती, ज्ञानेश्वरी, मेंढरं वळणाऱ्याची लेक. तिनं ओढणी दोन्ही हातांनी पसरली आणि मायपुढं आडोसा धरून, आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. "ज्ञानेश्वरी, बाजूला हो, मागच्यांना दिसत नाही," सर म्हणाले. पोरीनं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. पोरीनं ओढणी खाली घेतली.

मायनं बाटली पदराखाली ओढली. "काय नाय," म्हणाली, "वाटंत प्यायला घेतलं व्हतं." आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसमधे बसली.

घरी येईस्तोवर उन्हानं दूध नासलं होतं. मी म्हटलं, "माय, तुळशीत ओत." ती म्हणाली, "तुळशीत कोण हाय?" आणि बाटली मांडीवर घेऊन बसून राहिली. माझा जीव असा तुटला, काय सांगू. तिच्या गळ्यात पडून म्हटलं, आठ दिवसांनी आपण दोघीच जाऊ, एस.टी.नं, कुणाला न सांगता. चौथ्या दिवशी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

अंथरुणावरून ती पुन्हा उठलीच नाही. नाशिककडं पाऊस झाला, नदीला पाणी आलं. सर रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे. "मामी, चाळीस टक्के!" "मामी, सत्तर!" त्यांना वाटायचं, तिला आनंद होईल, साऱ्या शहराला झाला होता. नव्वद झालं त्या दिवशी तिनं भिंतीकडं तोंड केलं. कार्तिकात गेली.

ह्या उन्हाळ्यात पिवळ्या नोट्सची नवी आवृत्ती आली. सरांनी पहिली प्रत माझ्या हातात दिली, लाजत लाजत. अर्पणपत्रिकेत नाव होतं, 'कै. आवडाबाई यांस'. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग शेवटचं पान उघडलं.

'४२. दुधाची बाटली : विस्थापित वृद्धा दूध घेऊन आपल्या बुडालेल्या घराच्या जागी जाते, मात्र ते न ओतताच परतते. येथे दूध हे जीवनातील ओलाव्याचे प्रतीक आहे. ते न ओतणे म्हणजे वृद्धेने वास्तवाचा केलेला प्रगल्भ स्वीकार होय. (प्रत्यक्ष निरीक्षणातून. सहा गुणांसाठी महत्त्वाचे.)'

मी दोनदा वाचलं. दुपारी जेवायला बसलो तेव्हा शपथ मोडली. ज्या वहीची मायला भीती होती ती तर छापूनच आली होती, आता काय राखायचं?

"ते दूध कशाचंच प्रतीक नव्हतं," मी म्हटलं. "माझ्या भावाचं होतं. धोंडिबा त्याचं नाव. सात महिन्यांचा. त्या खोडाखाली पुरलाय. तुम्ही पोरांना हलवलं नाही म्हणून ती तशीच परत आली."

सरांचा घास हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं पाणी, मी बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस मायचं नाव घेईल. आता उठेल आणि तिच्या फोटोपुढं जाऊन उभा राहील. एवढं जरी केलं असतं ना, तर मी सव्वीस वर्षांचं सगळं पोटात घातलं असतं.

"आशा," सर हळूच म्हणाले, "हे तू आधी सांगायला हवं होतंस गं. केवढा मोठा अर्थ निघाला असता. आता हजार प्रती छापून झाल्या."

बाहेर शेजारणीनं हाक मारली, नळ आला म्हणून. मी ताटावरून उठले, हात धुतले, हंडा नळाखाली लावला. पहिला तांब्या भरून कपाळाला लावला. सरांनी आतून पाणी मागितलं. मी म्हटलं, माठातलं घ्या, हे आमच्या घरचं आहे.