कर्नलकाकांच्या पोटाची डायरी

स्वतःच्या पोटावर इतका संशय घेणारा माणूस अख्ख्या चंदीगडात दुसरा सापडणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे हे कर्नलकाका मूळचे साताऱ्याचे. शेवटची नेमणूक जवळच्याच चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत झाली, हवा मानवली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. हवा तेवढी मानवली. बाकी त्यांना काहीच मानवत नाही. डॉक्टरांवर त्यांचा विश्वास नाही, कारण डॉक्टर तोंडाकडे बघून बोलतात. कुरियरने नमुना पाठवला की प्रयोगशाळेला तोंड दिसत नाही, म्हणून ती खरं सांगते, असं त्यांचं ठाम मत. आजवर त्यांनी केस पाठवलेत, नखं पाठवलीत आणि एकदा पूर्वज शोधायला थुंकीसुद्धा. अहवालात साताऱ्याचा उल्लेख नव्हता म्हणून त्या कंपनीला त्यांनी दोन पानी खरमरीत पत्र धाडलं.

गेल्या हिवाळ्यात संशयाची सुई गव्हावर आली. गव्हातलं ग्लूटेन काहींच्या पोटाला सोसत नाही, हे त्यांनी मोबाइलवर वाचलं आणि लगेच पोटाची डायरी सुरू केली. मला जिन्यात थांबवून ती वाचून दाखवायचे. '०९१५: आलू पराठे चार, लोण्यासह. ०९४०: डाव्या बगलेवर हालचाल.' चार पराठ्यांनंतर कुठल्याही बगलेवर हालचाल होईल, असं मी म्हटलं. त्यावर म्हणाले, "अगं, शत्रू आत घुसलाय, पक्का! फक्त पुरावा हवा."

पुराव्याची पेटी कुरियरने आली. आत दोन बारीक सुया आणि चार गोल छापलेला जाड कागद. प्रत्येक गोल रक्ताने भरून परत पाठवायचा. मी सेक्टर सदुसष्टमधल्या औषधशास्त्राच्या संस्थेत आहे, म्हणून टोचायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथे ग्रंथालयात असते, हे त्यांच्या दृष्टीने किरकोळ होतं. सीमेवर छातीचा कोट केलेल्या या माणसाने सुई बघताच डोळे घट्ट मिटले. त्यात जानेवारीचं धुकं, बोटं गारठलेली. हीटरपुढे हात शेकून कसेबसे दोन गोल भरले आणि बोटाने असहकार पुकारला. काकू पोळ्या लाटत होत्या. "द्या इकडं," म्हणत त्यांनी हात धुतले, पेटीतली दुसरी सुई टोचली, उरलेले दोन गोल उभ्याउभ्याच भरले आणि परत पोळपाटाकडे गेल्या. मी हरकत घेतली, तर काका म्हणाले, "पस्तीस वर्षं एकाच घरचं खातोय आम्ही. रक्त काय वेगळं असणार?"

अहवाल आला: ग्लूटेन सोसत नसावं. काकांनी समोरच्या बागेत विजयाची घोषणा केली. मीच न राहवून विचारलं, "पण काका, तपासलेला थेंब कुणाचा?"

त्यांचा चेहरा असा पडला की माझं मलाच वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, ते आपण होऊन मोठ्या इस्पितळात गेले. सोबत काकू आणि साक्षीदार म्हणून मी. सगळं ऐकून तिथल्या डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या की अशा कागदावर निदान होत नाही. दोघांची नीट तपासणी करू, आणि ती होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर दुखणं लपून राहतं. तपासण्या झाल्या. काका ठणठणीत निघाले. गहू सोसत नव्हता तो काकूंना.

"पोट कधीपासून दुखतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थोरली झाली तवापासून असंल," काकू म्हणाल्या.

काका बघतच राहिले. "मला कधी बोलली नाहीस ते?"

"तुमचंच पोट संपंना," काकू सहज म्हणाल्या. त्या हसत होत्या. काकांनी मात्र परतताना वाटेत ज्वारी-बाजरीचं पीठ घेतलं.

आता वर ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या होतात. त्यातली एक काका थापतात. ती तव्यावर जाईपर्यंत दोनदा फाटते. शेजारच्या पंजाबी आजी, म्हणजे बीजी, अजून पराठ्यांचं ताट पाठवतात आणि काका हात जोडून ते परत करतात. त्यांना स्वतःला पराठा चालतो, हे बीजींना त्यांनी सांगितलेलं नाही. परवा जिन्यात त्यांनी सवयीने डायरी उघडली. "मागची सगळी पानं चाळली मी," ते हळूच म्हणाले, "तिचं नाव एकदाही नाही गं." मग त्यांनी चष्मा पुसला आणि त्या दिवसाची नोंद वाचली: '०९१५: तिची भाकरी एक. ०९४०: पोट शांत. आणखी अर्धी मागून घेतली.'