दहावं नाव

समोरच्याला "माझं चुकलं" म्हणायला लावण्यात आमच्या सरांचा हात धरणारा माणूस जळगावपासून धुळ्यापर्यंत सापडायचा नाही, आणि मी त्यांच्यावर दोन वर्षं चिडून होतो. आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो, पुढे जळगावात त्यांच्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागलो. ते विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा विद्यापीठाचा अभ्यासक्रम चालवायचे. कुठलाही पदवीधर त्याला बसू शकायचा आणि सहसा कुणी बसायचं नाही. "यानं नोकरी लागते का?" असं पालकांनी विचारलं, की सर शांतपणे म्हणायचे, "कशानं लागते, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?" पालक पोराला घेऊन दुसऱ्या विभागाकडे वळायचे.

त्यांचा सगळा अभ्यासक्रम एका प्रश्नात मावायचा. "काय दिसलं, तर तुम्ही म्हणाल की माझं चुकलं?" वर्गात विचारतोय तोवर ठीक, पण हा माणूस तो प्रश्न घेऊन गावभर हिंडायचा. बाजारात भरिताची वांगी विकणाऱ्या अक्का म्हणाल्या, "घ्या सर, बठ्ठा वांगा गोड शेतस." सरांनी विचारलं, एखादं कडू निघालं तर? अक्कांनी तराजूवरची नजर न काढता सांगितलं, "तुमनं तोंडच कडू शे, आसं म्हनसू." सर इतके खूश झाले, की वांगी तिथेच विसरून आले. आपला सिद्धांत वाचवायला माणसं काय काय करतात, याचं उदाहरण म्हणून पुढे कित्येक वर्षं ते वर्गात अक्काच शिकवत होते. माझ्या लग्नात, दोंडाईच्याला, त्यांनी भर पंगतीत गुरुजींना गाठलं. "बत्तीस गुण जुळले म्हणता. उद्या यांचं पटलं नाही, तर गणित चुकलं असं लिहून द्याल का?" सासऱ्यांच्या हातातली जिलबी हातातच राहिली. आजही घरात वाजलं, की बायको म्हणते, "कळवा तुमच्या सरांना."

हजेरी घ्यायची त्यांची तऱ्हा वेगळीच. नाव पुकारलं आणि "हजर" ऐकू आलं, की आम्ही बाकीचे खूण करून मोकळे होतो. सर चष्मा कपाळावर सरकवून त्या तोंडाकडे नीट बघायचे आणि मगच लिहायचे. नुसत्या आवाजावरून माणूस आहे हे ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी वरून पत्र आलं, दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील तर अभ्यासक्रम बंद. आमच्याकडे नऊ होते. त्यांत शिरपूरच्या वर सातपुड्यातल्या पाड्यावरची एक मुलगी होती, ती या वर्गासाठी जळगावात खोली घेऊन राहिली होती. नऊ जणांना जे कळतं ते दहावा आल्याशिवाय ज्ञान ठरत नाही, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं कोण जाणे. मला तेव्हाही संताप आला होता, आत्ता लिहितानाही येतोय. रागाच्या भरात मी एक उद्योग केला. माझा मेहुणा दोंडाईच्याला मिरचीचा व्यापार करतो. तो बी.एस्सी. आहे हे तो स्वतःही विसरला होता. मी हजेरीपटात दहावं म्हणून त्याचं नाव घातलं आणि त्याला बजावलं, "तुला यायची गरज नाही."

तपासणीला आलेली माणसं नुसती नावं मोजत होती. सरांनी हजेरीपट पुढे केला, तर मेहुण्याच्या नावावर लाल शाईची काट. नऊ भरले. माणसं चहा पिऊन गेली आणि मी सरांना व्हरांड्यातच धरलं.

"सर, एका नावाचा प्रश्न होता."

"मला कधी न दिसलेला माणूस आहे, असं मी कसं लिहू?"

"अणू तरी कुठे दिसतो तुम्हाला?"

"अणूचा परिणाम दिसतो. तुझ्या मेहुण्याचा तोही दिसत नाही."

अभ्यासक्रम गेला. त्या खोलीत आता कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात. पाड्यावरची मुलगी सामान बांधून घरी गेली. सर त्याच वर्षी निवृत्त झाले आणि मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. प्रामाणिकपणा मलाही आवडतो, पण नऊ पोरांच्या जिवावर केलेला नाही आवडत.

सरांचं ते "परिणामही दिसत नाही" मी तेव्हाच तणतणत मेहुण्याला सांगितलं होतं. ते त्याला फार लागलं आणि दोन वर्षं डाचत राहिलं. परवाच्या रविवारी तो सकाळच्या गाडीनं उतरला, हातात लाल मिरचीची पिशवी, आणि मला ओढत सरांच्या दारात घेऊन गेला.

"सर, मी शे. दखी ल्या."

सरांनी चष्मा कपाळावर नेला आणि बराच वेळ बघितलं. मग आत जाऊन तो हजेरीपट घेऊन आले. तो त्यांनी ऑफिसात परत दिलाच नव्हता.

"काट मारायला नको होती रे," ते म्हणाले. "दिसला नाही, एवढंच मला माहीत होतं. नाहीच, असं म्हणायला पुरावा कुठे होता? जागा नुसती कोरी ठेवायला हवी होती."

जागा कोरी राहिली असती, तर तपासणीवाल्यांनी दहा मोजले असते. हे मला कळलं तेव्हा सरांना ते आधीच कळलेलं होतं, बहुधा पुष्कळ आधी. त्यांनी काटेशेजारी "आहे" लिहिलं, खाली "माझं चुकलं" लिहिलं आणि सही केली. दोन वर्षं जपून ठेवलेलं भांडण माझ्या तोंडाशी होतं, पण "तुला यायची गरज नाही" हे तर मीच म्हणालो होतो. तो नुसता एकदा वर्गात येऊन बसला असता, तरी भागलं असतं. मी सरांच्या हातातून पेन घेतलं आणि त्यांच्या सहीखाली माझी सही केली.