मोहल्ला झाडू नका

"पेशी मंग पाह्यजो, आधी तिचा मोहल्ला पाह्य!" नवा विद्यार्थी मायक्रोस्कोपवर वाकला की आमचे तंत्रज्ञ मागून हे म्हणत आणि त्याच्या मानेला गार काच टेकवत.

पोरांनो, तुमच्या या आजीचा, माझा, टापटीपपणा तुम्ही सोसलाच आहे. इंग्रजीत एम.ए. होऊन मी वर्ध्यातल्या त्या प्रयोगशाळेत अहवाल टाइप करायला लागले. पहिल्याच दिवशी टेबलावरच्या काचांवर बारीक कण दिसले. ओल्या कापसाने लख्ख पुसले.

"मॅडम, अख्खा मोहल्लाच झाडून टाकला न तुमी!"

ते कण हाडातल्या मगजाचे होते. मी रडवेली झाले, तेव्हा त्यांनी खिशातून आणखी दोन काचा काढल्या. "तुमाले पाहूनच लपवल्या होत्या."

मग त्यांनी कण दाखवला. पांढऱ्या पेशी हाडात जन्मतात. पण पुढे जंतूंशी कोणी कसं लढायचं, याचं पहिलं वळण शेजारच्या पेशी लावतात. त्याच त्यांना धरून ठेवतात, पोसतात. जी आपल्याच माणसांवर हात उगारते, तिला बहुतेकदा तिथेच आवरतात.

"आमच्या सेलूच्या गल्लीवानी," ते म्हणाले. "माय एक, पन झोडपाले बारा काकू!"

मी निवृत्त झाल्यावर ते स्वतःच आजारी पडले. आपली काच त्यांनी हट्टाने आपणच पाहिली. कणात पेशी जवळपास नव्हत्याच, नुसती चरबी. हिंगणीच्या थोरल्या बहिणीचा मगज जुळला. तो चढवून घ्यायला नागपूरला जाण्याआधी दोघं पिपरी मेघेला माझ्याकडे आली.

"माह्या पेशी घेऊन राह्यला, आता तरी राखीले वेळेवर येजो," बहीण म्हणाली.

"पेशी तुह्या, पन मोहल्ला माहा. महिनाभरात माह्यासारख्या टवाळ होतात का नाई, पाह्य!"

ती पाणी प्यायला आत गेली, तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "मॅडम, इतक्या ओसाड जागी त्या राह्यतील का?"



काही महिन्यांनी बहीण एकटीच आली. गर्दीत जायची त्यांना मनाई होती. तिने पाकीट दिलं: त्यांनी नागपूरहून मागून घेतलेली, त्यांच्याच नव्या मगजाची एक जादा काच आणि चिठ्ठी. 'ओल्या कापसापासून दूर ठेवजा.'

मी तडक जुन्या प्रयोगशाळेत गेले. त्यांचं स्टूल रिकामं होतं. काच लावली, कण शोधला. पेशींची नुसती दाटी! कोवळ्या, थोराड, एकमेकींना खेटून.

बराच वेळ मी पाहत राहिले. मागून कुणी गार काच टेकवली नाही. तरी मी मान आखडूनच बसले होते.