घुबडाचं झाड
फिनेलचा वास आला की सार्सच्या साथीतले ते दहा दिवस आठवतात. नवऱ्याच्या ऑफिसात एकाला लागण झाली आणि आम्ही दोघं परदेशात, वुडलँड्स या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये अडकून पडलो. उंबरठा ओलांडायचा नाही, तपासणीचा फोन वाजला की सरकारने घरात बसवलेल्या कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवायचं. वाचायला होतं फक्त आधीच्या इंग्रज भाडेकरूच्या नावाने आलेलं त्याच्या गावचं बातमीपत्र. थंडी सरतेय, तळ्यात बेडकांची अंडी दिसली, चर्चमागच्या ओकवर घुबड परतलं. मी ते पाठ होईस्तोवर वाचलं. सातव्या दिवशी समोरच्या चिनी आजींनी आमच्या दाराच्या ग्रिलला पपईची पिशवी अडकवली आणि लांबूनच म्हणाल्या, "ईट लाह, डोन्ट वरी." त्यांचं नाव विचारायचं तेव्हा सुचलं नाही, आणि पुढे तीन वर्षं समोरासमोर राहूनही ते राहूनच गेलं. घुबड कुठल्या झाडावर बसायचं, ते मात्र आजही सांगेन.