टायर माझे, ठसे कोणाचे?

ओमानमधल्या बरका गावच्या एका टायरवाल्याने मला फसवलं. झिजून गोटा झालेल्या टायरांवर गरम सळईने नक्षी कोरली आणि नवे म्हणून माझ्या पिकअपला बसवले. मी रत्नागिरीहून रिकाम्या हाताने येऊन मासळीचा धंदा उभा केलेला माणूस. कल्ला उघडून बघितल्याशिवाय पापलेट घेत नाही... आणि टायरला वरची खाच बघून फसलो! भुताखेतांवर मात्र माझा कधीच विश्वास नव्हता.

२०१४ चा जानेवारी. जबल शम्स डोंगरावरच्या पर्यटकांच्या कॅम्पला मासळी घेऊन सकाळी चढत होतो, सोबत मेहुणा सलीम. वरच्या कच्च्या रस्त्यावर गारा गोठलेल्या. चाकं जागीच फिरायला लागली.

"भावजी, हवा काढा. वाळूत काढतो तशी."

आम्हा वाळूतल्या लोकांचं शहाणपण! चारी चाकांची हवा कमी केली आणि गाडी उलट मागेच घसरत सुटली, थेट वळणाकडे. खाली दरी. ब्रेकचा उपयोग शून्य. सलीम कलमा पढायला लागला.

"पढतोस काय, उडी मार!"

"माझं दार दरीकडे आहे, भावजी!"

आणि गाडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही... मागून कोणी तळहात टेकवावा तशी. गिअर टाकला तर डांबरावरून जावी तशी सरळ वर चढली.

वर उतरून मागे पाहिलं. वळणापर्यंत गुळगुळीत ओरखडे. वळणापासून पुढे मात्र खोल ठोकळ्यांचे ठसे, प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा! आमच्याआधी एकही गाडी वर गेली नव्हती. माझ्या टायरांवर बघितलं तर सळईने कोरलेली उथळ खाच; फसवणूक तिथे कळली. मी फोटो काढला.

कॅम्पवरचा जर्मन पाहुणा फोटो बघून म्हणाला, "हे तर बर्फातले टायर. या चिराच बर्फाला धरतात. ओमानमध्ये कुठे मिळाले?"

मी फोन खिशात टाकला.

मासळी पोचवली, बर्फ वितळल्यावर उतरलो, तडक टायरवाल्याचं दुकान गाठलं. फोटो बघून तो निर्लज्ज म्हणतो, "देखा सेठ, क्या ग्रिप है मेरे टायर की!"

मग मात्र माझा आवाज अख्ख्या बाजाराने ऐकला. त्याचा ओमानी अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, धावत आला, टायरवर नख फिरवलं आणि म्हणाला, "खलास. चारही बदल." त्याच टायरवाल्याने, गिऱ्हाइकांच्या गर्दीसमोर, घाम पुसत नवे टायर चढवले. मी खुर्ची टाकून, चहा पीत बघत बसलो.

ते ठसे कोणाचे, मला आजही माहीत नाही. त्याचा जाब मी कोणाला विचारत नाही. पण टायरवाल्या, तू उत्तर दे... त्या वळणावर कोणी नसतंच, तर सलीमच्या आईसमोर कोणत्या तोंडाने उभा राहिला असतास?